दुर्बिणीची बैठक

१४ जानेवारी २००६, ट्रॉय

रवींद्रने आज गाडीच्या किल्ल्या माझ्या स्वाधीन केल्या. मंडळाच्या तिळगुळाहून परत येताना लाल दिव्यातून सरळ निघाला. समोरचा ट्रकवाला थांबला म्हणून आम्ही आहोत. घरी आल्यावर किल्ल्या ओट्यावर ठेवल्या आणि गॅरेजमध्ये गेला.

त्याच्या डाव्या डोळ्याची मधली नजर जाऊन दोन वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं, मधोमध धूर. आता उजव्यातही तो धूर शिरलाय. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं. वयाने! चौसष्ट हे काय वय झालं?

चाळीस वर्षं लोकांना धीर देणारी भाषणं करतेय. आज नवऱ्याला सांगायला एक वाक्य सुचलं नाही. भाजी मात्र करपली.

२२ जानेवारी

"जरा माझ्या कोपऱ्यात येतेस?" म्हणाला.

त्याचा कोपरा म्हणजे गॅरेजचा मागचा भाग. लेथ, छोटं मिलिंग मशीन आणि ते लोखंडी कपाट. आमचा करार जुना आहे. बंदूक उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि मी त्या कपाटाजवळ जाणार नाही. हॅरल्ड म्हणून त्याच्या कंपनीतला मित्र, त्याने तीस वर्षांपूर्वी याला नेमबाजीच्या क्लबात नेलं. सांगलीच्या कॉलेजात एनसीसीत नेम धरायला शिकलेला, तो नाद इथे परत लागला. ससासुद्धा मारलेला नाही कधी. अंडं खात नाही हा माणूस! कागदावरचा काळा गोल, त्यात भोकं. दर महिन्याला विचारायचा, "येतेस एकदा? नुसतं बघायला?" मी नाही म्हणायचे. मग विचारायचं सोडलं.

आज कपाट उघडून बंदूक दाखवली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यावर केलेली, एका वेळी एकच गोळी घेणारी. लाकूड त्याने स्वतः घासून बसवलेलं.

"नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो खुंट, आता दिसत नाही मला. दुर्बीण लावली तर उजव्या डोळ्याने अजून जमेल. सप्टेंबरात क्लबाची स्पर्धा आहे. शेवटचं एकदा बसायचंय मला तिथे."

दुर्बीण त्याच्याकडे आहे. जुन्या पद्धतीची, बोटाएवढी जाड आणि नळीइतकीच लांब. तिला बंदुकीवर बसवायला बैठक हवी. नळीवर दोन कड्या. पुढच्या कडीत दुर्बीण अगदी बेताची बसायची. मागची कडी सैल, तिच्यात दोन स्क्रू — एकाने दुर्बिणीचं शेपूट वर-खाली, दुसऱ्याने डावी-उजवीकडे — आणि समोरून एक स्प्रिंग तिला स्क्रूंवर दाबून धरणार.

"विकत मिळत नाही का?"

"मिळते. मग मी काय केलं?"

अडचण एवढीच की मशीनच्या डायलवरच्या रेघा त्याला दिसत नाहीत. त्या मी वाचायच्या.

"तू मला — मला! — बंदुकीच्या कामाला बोलावतोस?"

"बंदुकीच्या नाही. दुर्बिणीच्या."

"आणि दुर्बीण कशावर बसणार? तुळशीवृंदावनावर?"

हसला. मला हसू आलं नाही.

२३ जानेवारी

नाही म्हटलं.

२९ जानेवारी

सकाळपासून लेथ चालू होतोय, बंद पडतोय. दुपारी बघायला गेले. तोंडात बॅटरी, एका हातात भिंग, आणि नाक त्या गरगरणाऱ्या लोखंडापासून वीतभर. मी ओरडले. त्याने दचकून मशीन बंद केलं आणि तसाच वाकून उभा राहिला. भिंग खाली ठेवलं नाही.

"सरक," म्हटलं. "कुठे वाचायचं ते दाखव."

नाकासाठी गेले मी. बंदुकीसाठी नाही. हे इथे स्वच्छ लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डायलवरची एक बारीक रेघ म्हणजे एक थाऊ. तो चाक फिरवतो, मी मोजत जाते. सात. आठ. नऊ. थांब. शिवाजी पार्कवर मायक्रोफोन बंद पडला तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला हा आवाज! आता श्रोता एकच, आणि त्याला फक्त आकडे हवेत.

"विशेषणं नकोत," म्हणतो. "'जवळजवळ आठ' म्हणजे किती? 'चांगले आठ' म्हणजे किती? आठ म्हण नाहीतर साडेआठ म्हण."

लेथवर चढवलेल्या लोखंडाला तो जॉब म्हणतो. एवढं एक नोकरीतलं उरलंय.

त्याची बोटं मी इतक्या जवळून कधी पाहिली होती, आठवत नाही. मशीन थांबलं की आधी बोट फिरवतो, मग मला विचारतो. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर असतो. मग मला का बोलावलं, असं विचारलं. म्हणाला, "बहुतेक वेळा म्हणजे किती?"

११ फेब्रुवारी

दीपाकडे गेले होते. ऑक्टोबरात लान्सिंगला बंदुकांविरुद्ध मोर्चा आहे, विधानभवनाच्या पायऱ्यांवर भाषण माझं. ती आकडे गोळा करतेय, मी मसुदा करतेय.

तिच्या नवऱ्याला, राजेशला, जाऊन तीन वर्षं झाली. गॅस स्टेशनच्या काउंटरमागे दोन्ही हात वर करून उभा होता. गल्ला उघडून दिला होता. तरी झाडली. झाडणारा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. बंदूक त्याने काकाच्या उशीखालून आणली होती. बस, इतकी सोपी गोष्ट आहे! ती ज्या देशात इतकी सोपी आहे, तिथल्या शहाण्यांना मी प्रश्न विचारत राहणार. मंडळातल्या एका निवृत्त डॉक्टरांनी सुचवलं होतं, "अहिल्याताई, जरा सौम्य घ्या, आपण इथे पाहुणे आहोत." चौतीस वर्षं कर भरणारी पाहुणी! त्यांना त्याच सभेत उत्तर दिलं.

राजेश गेला त्या वर्षी दीपाने आणि मी सगळ्यांसमोर उजवा हात वर करून शपथ घेतली — या हातात बंदूक येणार नाही. दर जूनमध्ये ती पुन्हा घेतो. आता शंभरएक हात वर होतात.

रवींद्रची बंदूक तिला माहीत आहे. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. लेथचं मी आज सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे? मी आकडे वाचते.

४ मार्च

माझ्या हातून जॉब गेला.

पुढच्या कडीचं भोक मोठं करत होतो. "मला फिरवू दे चाक," मीच म्हटलं. महिनाभर नुसती वाचतेय, कंटाळले होते. रेघेच्या पुढे गेलं. दोनच रेघा. मी गपचूप चाक उलटं फिरवून रेघ जागेवर आणली आणि ठणकावून म्हटलं, "बरोबर!"

व्यासपीठाची सवय. चुकीचा शब्द गेला तर मागे घ्यायचा नाही, त्याच जोरात पुढे जायचं. लोकांना कळतही नाही.

कडी काढून त्याने दुर्बीण आत सरकवली. कानाजवळ नेऊन हलवली. आतून टकटक.

"किती पुढे गेली होतीस?"

मी डायल पुसायला लागले.

"लोखंड टाळ्या वाजवत नाही, अहिल्या."

मग नीट समजावलं. चाक उलटं फिरवलं तरी हत्यार लगेच मागे येत नाही. आट्यांमध्ये थोडी मोकळी जागा असते, तेवढं चाक नुसतंच फिरतं. पुढे गेलात तर भरपूर मागे जायचं, आणि मग पुन्हा पुढे येत येत रेघेवर थांबायचं. हे पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात म्हणे.

तीन आठवड्यांचं काम होतं ते. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. नवा तुकडा काढला आणि कानशीने त्याच्या कडा मोडत बसला.

१४ मार्च

होळी. पुरण केलं. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मला आत येऊ देत नाही. "तू आत आलीस की त्यांना भाषण ऐकावं लागतं." बाहेर बसून जुनी मासिकं चाळली. बराच वेळ लागला. बाहेर आला तो हसतच.

"काय म्हणाले?"

"उजवा टिकून आहे. सप्टेंबरपर्यंत चिंता नाही."

परत येताना गाडीत शिट्टी वाजवत होता. पोळ्या तीन खाल्ल्या.

९ एप्रिल

अंतराचा बेलव्ह्यूहून फोन. बाबांनी तिला सांगितलंय की आई लेथ चालवते.

"आई, आर यू ओके? तू? बाबांच्या रायफलसाठी?"

"दुर्बिणीसाठी."

"सेम थिंग, आई."

माझीच पोरगी. मीच हिला वाद घालायला शिकवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पण बाबा इतके खूश मी कधी ऐकले नव्हते." 

हल्ली पेपर मी वाचून दाखवते. अग्रलेख सुरू केला की म्हणतो, "ते राहू दे, हत्यारांचा कॅटलॉग आलाय तो वाच." ज्या बाईने पाच कपाटं पुस्तकं संपवली, ती सकाळी चहाबरोबर ड्रिलचे आकार मोठ्याने वाचतेय! अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं, मला त्यातलं कळायला लागलंय.

२१ मे

मागची कडी झाली. दोन्ही स्क्रूंचे आटे लेथवर पाडले. एक पूर्ण फेरा म्हणजे पंचवीस थाऊ. स्क्रूच्या डोक्यावर पंचवीस रेघा कोरायच्या. मी बारीक, सुबक कोरल्या. त्याने नख फिरवलं.

"खोल हव्यात. नखाला अडकल्या पाहिजेत."

"इतक्या खोल? ओबडधोबड दिसतील."

"दिसू देत."

सगळ्या पुन्हा कोरल्या. दर पाचवी रेघ आणखी खोल, आणि लांब. माझा खांदा भरून आलाय.

पुढची कडी — दुसऱ्यांदा केलेली — उत्तम बसली. दुर्बीण आत सरकते, आणि हलत नाही. त्याने तीही कानाशी नेऊन हलवली. शांत. माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "ही तू केलीस." मी वाचलं, मी फिरवलं, हे खरं आहे. पण "ही तू केलीस" ऐकून मला जे झालं, तसं वक्तृत्वाच्या कुठल्या चषकाने झालं नव्हतं. लाज वाटली. कशाची, ते नीट कळलं नाही.

१७ जून

लायब्ररीच्या सभागृहात सभा. खच्चून गर्दी. चाळीस मिनिटं बोलले, कागद हातात न घेता. शेवटी शपथ. दीपा माझ्या उजव्या हाताला उभी. हात वर केला तेव्हा माझ्या नखांतलं काळं मला दिसलं. तेल आणि लोखंडाचा कीस, साबणाने निघत नाही.

जेवताना दीपा म्हणाली, "ताई, हाताला काय लागलंय?"

"वांगी भाजली."

तिने पुन्हा पाहिलं.  नागपूरची आहे, वांगी भाजलेल्या हाताला वास कसा येतो हे तिला चांगलं माहीत आहे.

१६ जुलै

बैठक तयार. पॉलिश करून, काळी करून, तेल लावून. नळीवर बसवली, दुर्बीण सरकवली, स्प्रिंग लावली. बंदूक तो टेबलावर धरून बसला होता आणि मी स्क्रूंवर हात ठेवून शेजारी. कराराचं काय झालं, असं दोघांनीही विचारलं नाही. गॅरेजचा दरवाजा वर करून त्याने डोळा लावला.

"काय दिसतं?"

"समोरच्यांचं धुराडं. दुर्बिणीतली फुली बरोबर मधोमध."

"विटा दिसतात?"

"एक एक."

मी खरोखर टाळी वाजवली. नंतर वाटलं, काय करतेय मी!

२० ऑगस्ट

लिहवत नाहीये, पण लिहिते.

हॅरल्ड गावाला गेलाय म्हणून मीच गाडी चालवत क्लबात नेलं. शहराबाहेर तासभर, मक्याच्या शेतांमधून. आयुष्यात पहिल्यांदा. मी गाडीतच बसणार, पुस्तक आणलंय, असं आधीच सांगितलं होतं. तो एका हाताने कठडा धरत टेबलापर्यंत गेला. वाळूच्या पिशव्यांवर बंदूक ठेवली, बसला, डोळा लावला.

मी पुस्तक उघडलं. एक पान झालं, दोन झाली. आवाज नाही. काचेतून पाहिलं तर तसाच बसलेला. शेजारच्या टेबलावरचा माणूस झाडून झाडून निघून गेला. हा तसाच.

शेवटी उतरून गेले. खांद्यावर हात ठेवला.

"काय झालं? स्क्रू अडकला?"

"दिसत नाही गं."

"फुली?"

"काहीच. मधोमध काही नाहीच. काळं आहे."

"आज?"

तो बंदुकीवरून हात फिरवत राहिला.

"होळीपासून."

होळीपासून! डॉक्टरांकडून शिट्टी वाजवत आला तो दिवस. नखाला अडकणाऱ्या रेघा. धुराड्याच्या विटा, एक एक! मी ओरडले की रडले, मला सांगता येणार नाही. "मग पाच महिने काय केलं आपण? कोणासाठी केलं हे?"

"तू येत होतीस रोज," म्हणाला. "बंद केलं असतं तर आली नसतीस."

बंदूक त्यानेच उतरवली, खोक्यात ठेवली. मी मदत केली नाही. येताना मक्याच्या शेतांमधून गाडी कशी आणली, देव जाणे.

२१ ऑगस्ट

बोलले नाही त्याच्याशी.

२२ ऑगस्ट

आजही नाही. गॅरेजमध्ये गेला नाही तो. खिडकीशी बसून आहे. चहा नेऊन ठेवला तेव्हा कपाच्या एक वीत डावीकडे हात नेला. मी कप सरकवला. तेवढंच.

माणसांचे चेहरे वाचते मी. हजार लोकांच्या सभेत कोण पटलंय, कोण उठून जाणार आहे, मला कळतं. घरातला एक चेहरा पाच महिने वाचला नाही. डायल वाचत होते.

२७ ऑगस्ट

गणपती बसवले. आरती झाल्यावर तो म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस."

बैठक खरी झाली आहे की नाही, हे अजून कळलेलं नाही. ते फक्त गोळीनेच कळतं. एक झाडायची. मग स्क्रू पार फिरवून परत त्याच रेघेवर आणायचे, दुसरी झाडायची. पुन्हा तसंच, तिसरी. तिन्ही जवळ लागल्या तर बैठक खरी. पांगल्या तर दिसायला छान, कामाची नाही.

"स्क्रू मी फिरवेन. नखाने. झाडायचं तू."

मी उठून उभी राहिले. "हॅरल्डला सांग!"

"हॅरल्ड भला माणूस आहे. पांगल्या तरी म्हणेल, वा, काय सुंदर. मला खरं हवंय."

"मी पण खोटं बोलले होते. मार्चमध्ये."

"एकदाच. आणि ते मला हाताला कळलं होतं."

"रवी, मी शपथ घेतलीय. दीपाच्या शेजारी उभं राहून. राजेशच्या फोटोसमोर!"

"माहीत आहे." मग म्हणाला, "हे माझं शेवटचं काम आहे, अहिल्या. यापुढे मला काही करता येणार नाही. ते बरोबर झालं का, एवढंच विचारतोय."

मोदक तसेच राहिले.

५ सप्टेंबर

दीपाकडे गेले. आधी मुख्य गोष्ट सांगितली — लेथ, कड्या, वांगी, सगळं. ती भांडी पुसत होती, पुसत राहिली.

"मला वाटलंच होतं," म्हणाली. "लोखंडाचा वास राजेशच्या हाताला पण यायचा. गाड्या दुरुस्त करायचा ना आधी."

मग विचारायचं ते विचारलं — तीन गोळ्या झाडू का?

"म्हणजे मी परवानगी द्यायची?"

"तसं नाही गं —"

"तसंच आहे, ताई. मी हो म्हटलं की तुम्ही मोकळ्या. नाही म्हटलं की काकांचं मन मी मोडलं. तुम्ही मोकळ्याच." भांडं ठेवलं. पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "काकांवर माझा राग नाही. कधीच नव्हता. त्यांनी कोणाचं काय वाईट केलंय? पण शपथ मी तुमच्या आवाजावर घेतली होती. माझ्यात एवढी ताकद नव्हती तेव्हा, तुम्ही म्हणालात, मी हात वर केला. तुम्ही झाडा. खरंच झाडा. फक्त मग लान्सिंगला माझ्या शेजारी उभ्या राहू नका."

मी म्हटलं, कागदाचा काळा गोल आहे नुसता, वाळूच्या पिशवीवर ठेवून —

"अहिल्याताई," ती म्हणाली, "हे वाक्य दुसऱ्या कोणी सभेत उभं राहून म्हटलं असतं, तर तुम्ही त्याला काय उत्तर दिलं असतं?"

मला ते उत्तर पाठ आहे. अनेकदा दिलंय, टाळ्या घेतल्यात. ते तिला दिलं नाही. तिने चहा केला. दोघींनी उभ्यानेच प्यायला.

९ सप्टेंबर

भाषणाचा मसुदा पूर्ण झाला. गेल्या दहा वर्षांतलं सर्वांत चांगलं आहे. मोठ्याने वाचून पाहिलं, एक शब्द बदलावासा वाटला नाही.

१३ सप्टेंबर

गॅरेजमधून कसलाच आवाज येत नाही आता. आज तो बाहेर अंगणात होता. मेपलच्या बुंध्याला बोट लावून उभा. सालीच्या भेगांतून नख फिरवत. मी हाक मारली तर दुसऱ्याच दिशेला वळून म्हणाला, "आलो."

मसुदा पाकिटात घातला. वर दीपाचं नाव लिहिलं, लान्सिंगला तिने वाचावं म्हणून. उद्या गुरुवार, क्लबात कोणी नसतं.

१४ सप्टेंबर

तीन झाडल्या. पन्नास यार्डांवरून, वाळूच्या पिशव्यांवर ठेवून. खांद्याला दणका, नाकात दारूचा धूर. प्रत्येक गोळीनंतर तो स्क्रू पार फिरवायचा आणि ओठ हलवत, नखाने मोजत परत आणायचा. मग म्हणायचा, "हं."

कागद आणून त्याच्या हातात दिला. दोन भोकं एकमेकांना लागून. तिसरं बोटभर वर. त्याने अंगठ्याने तिन्ही चाचपली. पुन्हा चाचपली.

"तिसरं बैठकीचं नाही, तुझं आहे. श्वास धरून ठेवला होतास."

मग कागद छातीशी धरून रडला. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पहिल्यांदा पाहिलं. "पुरे," म्हणाला. "चल घरी."

मी चौथी भरली. त्याने सांगितलं नव्हतं. श्वास सोडला, आणि झाडली.

दीपाला फोन करून सांगितलं — तीन झाडल्या.